हातचा

साडेचार हजार डॉलर जास्त.
किप रासमुसेनने आकडा कागदावर लिहिला
आणि कागद फिरवून माझ्याकडे सरकवला,
मोठ्याने बोलला असता तर जणू
शोरूममधल्या साध्या ट्रकांना वाईट वाटलं असतं.

मी विहिरींचे पंप दुरुस्त करतो.
लुईसटाउनपासून चारी दिशांना,
जिथे पाणी खोल आणि शेजारी लांब.
वर्षाला बावीस हजार मैल,
मागे ट्रेलर, ट्रेलरवर पाइप,
आणि समोरून वारा,
जो माँटानात भाडं न भरता राहतो.

घरी येऊन खाद्याच्या बिलामागे हिशोब मांडला.
किपचे आकडे शहरातले होते:
सिग्नल, ब्रेक, पुन्हा सिग्नल.
आमच्याकडे सिग्नल मोजके,
त्यातला एक नुसताच लुकलुकतो.
मी माझे आकडे घातले.
गॅलनला वीसऐवजी बावीस मैल.
वर्षाला शंभर गॅलन वाचले,
म्हणजे तीनशे तीस डॉलर.
पेन्सिलीला थुंकी लावून भागाकार केला.
तेरा वर्षं, आठ महिने.
मी एकसष्टचा.
पैसे फिटतील तेव्हा
सीटवर चढायला शिडी लागेल.

व्हर्नाने कागद पाहिलाच नाही.
वाटाणे सोलता सोलता म्हणाली,
"तुला अजून तेरा वर्षं हेच करायचंय?"
मला वाटलं, ती भागाकाराबद्दल बोलतेय.

तरी घेतली.
ऑर्व्हिल ट्वेटला सांगायला कारण होतं:
हौद्यातच प्लग आहे,
पंप विहिरीच्या काठावर चालवून बघता येतो,
जनरेटर ओढत न्यायला नको.
ऑर्व्हिल कुंपणावर कोपर टेकून म्हणाला,
"थंडी येऊ दे."

थंडी आली. उणे तीस.
बॅटरी अंग चोरून बसली,
इंजिन एकटंच राबलं,
ते दोन मैल बर्फात कुठे गेले कळलं नाही.
मी तेराचे पंधरा केले.
ऑर्व्हिलला सांगितलं नाही.

मग मार्चमधली एक संध्याकाळ.
आमच्या उतारावर इंजिन आपोआप थांबलं.
कायद्याने दिलेली बारीकशी गुणगुण असते तिला,
पण त्या वाऱ्यात ती कोण ऐकणार?
जुना ट्रक पत्रपेटीपासूनच ओरडत यायचा.
अर्धा मैल.
तेवढ्यात कुणालाही
चेहरा नीट करून घेता येतो.

स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी.
व्हर्ना माझ्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होती.
"डेल्मार, बिलिंग्जला जाऊ. सॉल्व्हेगच्या जवळ.
दोन खोल्या पुरतील. जिना नको."
थांबली. मान हलवली.
पुन्हा, जरा हसत: "जिना नको, डेल्मार."
पुन्हा, जरा कडक.
पुन्हा, इतकं हळू
की खुर्चीलाही पुढे झुकावं लागलं असतं.

किती संध्याकाळी?
त्या जुन्या ट्रकच्या आवाजाने
किती वाक्यं अर्धी तोडली?
याला कुठल्या आकड्याने भागायचं?

मी मागे गेलो.
ट्रकचं दार उघडलं आणि जोरात आपटलं.
आत आलो तेव्हा ती वाट्या मांडत होती.
"कसा गेला दिवस?"
"बरा."
खुर्ची ओढली. बसलो.
तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.
तिने मीठ पुढे सरकवलं.

जेवण झाल्यावर मी बिलाचा तो कागद काढला,
मागे जागा उरली नव्हती,
म्हणून कडेला, उभं लिहिलं:
बिलिंग्ज, दोन खोल्या, किती?
आणि कागद फिरवून
तिच्याकडे सरकवला.

ऑर्व्हिल अजून विचारतो, परवडली का?
मी सांगतो, गणित चालू आहे,
हातचा मिळवायचा राहिलाय.